उलट्या मेढी

"जिती की मेली?"

परड्याच्या कडेला येऊन उभा राहिला की त्याचं पयलं बोलनं हेच. कशी हायस नाय, पोरगा कसा हाय नाय. खांद्यावरचा कोयता खाली घ्यायचा, तंबाखूची पिचकारी लांब टाकायची नि इचारायचं, "काय बाय, औंदा जिती की मेली?"

वाडीतली एक नवी सून एकदा त्याच्या पुढ्यात सापडली. मुंबईत वाढलेली पोर. ती धावत घरात गेली नि सासूला म्हनाली, "बाहेर एक म्हातारा आलाय, तुम्ही जिवंत आहात का ते विचारतोय." सासू चुलीपासनं ओरडली, "अगो, वईचं इचारतोय तो! सांग, जिती घाल म्हनावं."

तुमच्याकडं कुंपन म्हनत असतील. आमच्याकडं घरामागल्या परड्याभोवती लाकडाचं घालतात ती वई. तिच्या दोन जाती. पांगाऱ्याच्या नायतर शेमटाच्या ओल्या मेढी, म्हनजे खांबासारखे दांडके, तोडून पावसाच्या तोंडावर पुरल्या की त्यांना पालवी फुटते, मुळं धरतात, ती जिती वई. ऐनाच्या, किंजळीच्या सुक्या मेढी पुरल्या तर ती मेली. जितीला दरसाल छाटायला लागतं, गेलेल्या जागी नवी मेढ लावायला लागते. मेलीला वाळवी खाते, तिचंही काय ना काय निघतंच. म्हनजे कुठलीही घाला, वर्साला एकदा त्याचं येनं चुकायचं नाय.

पुरायची रीत मात्र दोघींची वेगळी. जिती मेढ पुरताना बूड खाली, शेंडा वर. मेली पुरताना उलटी, शेंडा खाली, बूड वर. तो म्हनायचा, "मेलेलं लाकूड सुलटं पुरलं तर त्याला वाटतं आपुन अजून झाडच हाय. पानी वर ओढतं नि कुजतं. उलटं केलं की गप बसतं." खरं खोटं मला ठाऊक नाय. पन त्याच्या मेल्या मेढी दुसऱ्यांच्या मेढींपेक्षा दोन पावसाळे जास्त काढायच्या, हे मी माज्या डोळ्यांनी बगितलंय.

आमचं गाव सावित्रीच्या काठाला, महाड नि पोलादपूरच्या मदी. तो नदीपलीकडच्या डोंगरातल्या वाडीतला. नाव सांगत नाय. कोन त्याला नावानं हाकच मारत नव्हतं. मी दादा म्हनायची.

त्याची माजी वळख झाली ती माजा नवरा गेला त्या वर्साला. नवरा महाडला कारखान्यात कामाला होता. पोटात दुखतंय म्हनून घरी आला नि आठ दिवसांत गेला. पोरगा चार वर्सांचा. शेत दिरांकडं गेलं, माज्या वाट्याला घर नि मागलं परडं. त्या परड्यात मी वाल पेरला, कडेनं वांगी लावली. टोपली घेऊन महाडच्या बाजारात बसायचं नि दोन तोंडं भरायची, दुसरं काय नव्हतं. वाल शेंगेवर आला नि वई एका बाजूनं पडली. मी दुसऱ्यांचं गवत कापायला गेले होते. परत आले तर गुरं शिरून परडं साफ. मी रडले नाय. चार वांग्यांची झाडं उभी होती, ती वाचवायची होती.

दुसऱ्या दिवशी वई बांधायला घेतली. वई बांधायची म्हनजे कसं, तुमी कदी बांधली नसंल तर सांगते. उभ्या मेढींना आतनं एक आडवी काठी, बाहेरनं एक. मदी झाडोरा कोंबायचा नि दोरीनं आवळायचं. बाहेरच्या मानसानं दोरी आत सारायची, आतल्यानं ती काठीवरनं वळवून परत बाहेर द्यायची. दोन मानसांचं काम हाय ते, एक या अंगाला, एक त्या अंगाला. माज्याकडं दुसरं मानूस नव्हतं. मंग मी बाहेरनं दोरी सारायची, धावत बेड्यातनं आत यायचं, दोरी वळवायची, परत बेड्यातनं बाहेर. बेडं म्हनजे वईतलं बांबूचं दार.

तो रस्त्यानं डोक्यावर काठ्यांचा भारा घेऊन चालला होता. थांबला. बराच येळ बगत राहिला. मंग म्हनाला, "सात फेरे झाले, बाय. लगीन लावतेस काय वईशी?"

मी वळले. त्याला माजं कपाळ दिसलं. त्यानं जीभ चावली नि डोक्यावरचा भारा धाडकन खाली टाकला, जसा काय भाऱ्यानंच गुन्हा केला होता. तोंड येवडंसं झालं त्याचं. आनि मला हसू आलं. नवरा जाऊन दोन महिने झाले होते, तवापासनं पयल्यांदा. पदर तोंडाला लावला तरी थांबंना.

बाहेरच्या बाजूला जाऊन उभा राहिला नि म्हनाला, "तू जा आत."

"घे."

"घेतली."

"दे."

"ही घे."

"आता ओढ. आनखी ओढ. जेवली नाय काय?"

खरंच जेवले नव्हते. संध्याकाळपर्यंत पडलेली बाजू उभी राहिली. त्यानं तांदूळ घेतले नि गेला. पुढच्या वैशाखात, कोन बोलावलं नाय तरी परड्याच्या कडेला कोयता घेऊन हजर. "काय बाय, जिती की मेली?"

तवापासनं दरवर्सी. काम तीन दिवसांचं. तो नेहमी बाहेरच्या अंगाला, मी आतल्या. कितीदा म्हटलं, दादा, आत ये, ओटीवर बस, सावली हाय. "माजी बाजू बाहेरची," म्हनायचा. आमच्याकडं डोंगरातल्या वाडीवरच्या मानसांना कोन ओटीवर बसवत नव्हतं, ते त्याच्या अंगात मुरलेलं. मी सांगून ते जायचं नव्हतं. भाकरी, चा, सगळं मी बेड्यावरनं द्यायची.

वई झाली की तो तिची परीक्षा घ्यायचा. बाहेरनं पाठ टेकून आरामात बसायचा नि चा मागायचा. चा संपेपर्यंत वई वाकली तर "फेल" म्हनायचा, उठायचा नि तेवडी बाजू उपटून परत बांधायचा. एकदा माज्याच हातची दोरी ढिली निघाली. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे दादा, तुज्यायेवडं जड कोन टेकनार हाय? तर म्हनाला, "रेडा काय इचारून टेकतो?"

मोजायचा हातानं, कोपरापासनं बोटापर्यंत. त्याचा हात आखूड. त्यामुळं तो सांगायचा चाळीस हात नि मेढी कमीच लागायच्या. मंग मेढी उरल्या की माज्यावर डाफरायचा, "परडं लहान केलंस काय गो?"

बोलायचा कमी. पन वईच्या दोन बाजूंना बसलं की एकमेकांचं तोंड दिसत नाय, मदी झाडोरा. तोंड दिसत नसलं की मानूस बोलतं. मी त्याला असं काय काय सांगितलं जे आयशीला नाय सांगितलं. नवरा गेल्यावर एकदा मी पोराला कडेवर घेऊन नदीवर गेले होते, पानी भरपूर होतं, नि तशीच उभी राहिले होते, हेही सांगितलं. कैक वर्सांनी सांगितलं. पलीकडनं दोरी यायची थांबली. मला वाटलं उठून गेला काय. मंग हळूच दोरीचं टोक आत आलं नि तो म्हनाला, "घे. ढिली सोडू नको."

तेवडंच. मला तेवडं पुरलं.

पोरगा शिकला, मुंबईला नोकरीला लागला, लगीन झालं. मला ने म्हनायचा, मी दोनदा गेले नि परत आले. त्यांच्या घरात मी दारामागं उभी ठेवलेली केरसुनी. इथं परडं तरी हाय. वाल हाय, पावसात पडवळ, काकडी हाय. दिवस जातो. पन खरं सांगायचं तर वर्साचे तीन दिवस असे होते की कोन तरी माज्याशी बोलायचं नि मी जवाब द्यायची. बाकीचे दिवस फोन वाजला तर.

गावात एकेकानं जाळी मारायला घेतली. सिमेंटचे खांब नि चौकड्यांची तारेची जाळी. मोठा पूर येऊन गेला त्यात पुष्कळांची वई वाहून गेली, मंग तर सगळे जाळीच्या मागं. त्याची घरं कमी होत गेली. मी एकदा इचारलं, दादा, कसली हाय रे ती जाळी?

"चांगली हाय," तो म्हनाला. "फक्त पाठ टेकून चा पिऊ नको. उठलीस की पाठीवर शंकरपाळ्या."

शेवटी माजंच एक परडं राहिलं. त्याच्या हातांना कापरं सुटलं होतं. कोयता मारायचा तो मेढीला एकीकडं नि पडायचा दुसरीकडं. मी बगून न बगितल्यासारखं करायची.

त्या वर्साला आला तवा पाऊस अगदी तोंडावर होता. इचारलं, "जिती की मेली?" मी म्हटलं, जिती. पांगाऱ्याच्या मेढी घेऊन आला. ओल्या, हिरव्या, नुसत्या मातीत टेकवल्या तरी फुटतील अशा. पुरायला लागला. मी आतनं माती लोटत होते. चौथी मेढ पुरली नि माजं लक्ष गेलं. मेढीचं जाड टोक वर. सालीवरचे डोळे खाली तोंड करून. पयल्या तीन बगितल्या, त्याही तशाच. तो जित्या मेढी मेल्यासारख्या पुरत होता.

माजा हात थांबला.

"काय गो?" पलीकडनं म्हनाला.

"काय नाय."

हे 'काय नाय' मी का म्हनाले, ते मला आजपन नीट सांगता येत नाय. इतक्या वर्सांत त्याची एक मेढ चुकली नव्हती. तो खाली वाकून पहार मारत होता नि त्याचा श्वास मला वईतनं ऐकू येत होता. चार मेढी काढ म्हनावं, तर कुठल्या तोंडानं? वाटलं, त्याला त्याचंच कळंल. पाचवी तरी सुलटी लावंल. पाचवी पन उलटी. मंग जसजश्या मेढी वाढत गेल्या तसं बोलनं कठीन होत गेलं. तिन्ही दिवस मी दोरी घेत होते नि देत होते. सगळी वई उलटी उभी राहिली. त्यानं पाठ टेकून चा घेतला. "पास," म्हनाला नि हसला. मी पन हसले.

पाऊस सुरू झाला. मी रोज सकाळी जाऊन मेढी बगायची. एखादी तरी फुटंल. झाडाला काय कळतं उलटं नि सुलटं, वर पानी मिळालं तर तिकडनं फुटंल. श्रावनापर्यंत साल सुटायला लागली, आत लाकूड कापसासारखं. रस्त्यानं जानारी एक जाऊ म्हनाली, "काय गो, वई डोक्यावर उभी केलीस काय?" मी म्हटलं, बी खराब होतं. पांगाऱ्याचं बी! तीपन हसली नि सगळ्या वाडीत सांगत फिरली. भादव्यात डुकरं शिरली, रानातली. काकडीचे वेल, पडवळाचा मांडव, रताळी, काय ठेवलं नाय.

गनपतीला पोरगा आला. तो वाईट नाय, हे आधीच सांगते. परडं बगून त्यानं कपाळाला हात लावला. म्हनाला, "आई, तू एकटी असतेस इथे. उद्या ही डुकरं पडवीत आली तर? मला तिकडे झोप लागत नाही. आता हे टेन्शन बास." मंग मोबाईलमदी फोटो दाखवले. एक जाळीचा. दुसरा लाकडाच्या कुंपनाचा, रंग मारलेल्या सारख्या फळ्या, देव्हाऱ्याला असतात तशा. "लाकूडच हवं असेल तर असलं करून देतो. महाडहून सुतार येईल. नाहीतर तुझ्या त्या म्हाताऱ्याला बोलाव परत, माझं काही म्हणणं नाही. पण काय ते तू सांग. मी परवा जाणार."

दोन दिवस मी भांडी घासली, मोदक केले, पान्याला गेले नि तेच डोक्यात. वई म्हटलं तर तो येनार. येनार नि परत चुकनार, नि या खेपेला सगळी वाडी कडेला उभी राहून बगनार. नायतर मला त्याला सांगायला लागनार, दादा, तुला आता कळत नाय. जाळी म्हटलं तर त्याची अब्रू ऱ्हाईल. पन तो येनार नाय. माज्याकडं तो परत कदी येनार नाय, हे मला समोर दिसत होतं. पोराला हे काय सांगू? तीन दिवसांसाठी डुकरं आत घेऊ म्हनू?

पोरगा बॅग भरत होता. मी म्हटलं, जाळी मार.

दिवाळीनंतर टेम्पो आला. चार मानसं, कानात वायरी घातलेली. खड्डे केले, खांब उभे केले, जाळी ओढली, पिळल्या तारा नि दुपारच्या जेवनाआधी मोकळे. पलीकडनं धरायला कोन लागलंच नाय. मी चा केला होता, तो त्यांनी उभ्या उभ्या घेतला. टेकून कोन बगितलं नाय.

वैशाखात तो आला. मला वाटलं होतं त्याला कुनी सांगितलं असंल. नव्हतं सांगितलं. जाळीपाशी येऊन थांबला. इचारलं काय नाय. जाळीत दोन बोटं अडकवून हलवून बगितली.

"घट्ट हाय," म्हनाला.

"पोरानं घातली."

"बरं केलं."

चा घेऊन गेले तर जाळीतनं ग्लास जाईना नि वरनं माजा हात पोचंना. मी लोखंडी फाटक उघडलं. म्हटलं, दादा, आता आत ये. बाहेर देता येत नाय. तो आला. इतक्या वर्सांत पयल्यांदा माज्या परड्यात त्यानं पाय ठेवला. कुठं बसावं कळंना त्याला. जुन्या वईच्या मेढी मी चुलीसाठी रचून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर टेकला. मला तवा सुचलं नाय, नायतर दुसरीकडं बसवलं असतं.

चा पिता पिता त्याचा हात मेढीवर फिरला. एक उचलली. मातीतलं टोक काळं पडलेलं. ते डोळ्यांजवळ नेऊन बगितलं. दुसरी उचलली. मंग तिसरी.

"बाय, ह्या जित्या ना?"

"हो."

"शेंडा खाली हाय."

तिसरी मेढ त्यानं माज्यापुढं धरली.

"तुला दिसलं होतं?"

"चौथ्या मेढीला."

तो रागावला नाय. रागावला असता तर बरं झालं असतं. मेढ होती तशी परत ठेवली नि म्हनाला, "मंग बोलायचं की गो. काढून परत लावल्या असत्या. आनखी एक दिस लागला असता, दुसरं काय?"

ग्लास त्यानं स्वतः विसळला, पालथा घातला नि गेला. फाटक लावता येईना त्याला, कडी नवी होती. मी जाऊन लावली.

पुढच्या वर्साला मी वाट बगितली, म्हटलं, सहज येईल. आला नाय. महाडच्या बाजारात त्याच्या वाडीवरची एक बाई रानभाजी घेऊन बसते, तिला इचारलं. ती जुड्या बांधता बांधता म्हनाली, "तो? गेला की. मागच्या पावसात." मी चार जुड्या घेतल्या. एकटीला चार जुड्या कशाला, पन घेतल्या.

जाळी चांगली हाय. डुकरं येत नायत, गुरं येत नायत. वाल चांगला होतो. पन एक झालंय. वई होती तवा तिच्या पाल्यातनं पलीकडचं दिसायचं नाय. मागं वस्ती हाय, कोन ना कोन असंल, असं मनात धरून मी आपलं काम करायची. आता मागचं दार उघडलं की सगळं दिसतं. मागलं घर, त्याला कुलूप. त्याच्या बाजूचं, त्याला कुलूप. त्याच्या पलीकडं चौथरा नि गवत. मागल्या घराच्या पडवीत दोरीवर एक टॉवेल हाय. घरची मानसं जाताना काढायचा विसरली. निळा होता, उन्हानं पांढरा पडलाय. वारा आला की हालतो नि माजं लक्ष जातं, कोन आलं काय. कोन नसतं. ते कदी येऊन तो काढतील, तर मला इथनं दिसंल.